थोरलीनं लाथ मारली

आमच्या आबांचा उजवा हात म्हशीच्या लाथेनं कामातून गेला, असं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. जे दोन-चार जुने लोक उरलेत ते अजून तसंच सांगतात. ते साफ खोटं आहे. म्हशीनं लाथ मारलीच नव्हती. खरं काय झालं ते आबांना माहीत होतं आणि मला. आबा जाऊन किती वर्षं झाली. मी स्वतः सत्तरीला टेकले. शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना "खरं बोला" म्हणून छड्या मारल्या, मग मरायच्या आधी आपण एकदा तरी खरं बोलावं की नाही? म्हणून सांगते.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या दोन म्हशी होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. त्यांना दुसरी नावं नव्हती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आबा दोघींना रंकाळा तळ्यावरनं धुऊन आणायचे आणि चौकातल्या कट्ट्यापाशी उभ्या करायचे. गिऱ्हाइकं तिथंच यायची. किटली घेऊन येणारे कमी, उभ्या उभ्या पिऊन जाणारेच जास्त. तालमीतली पोरं, कचेरीतनं सुटलेले कारकून, नातवाला बोटाला धरून आलेले म्हातारे. आबा पितळी पेला कासेखाली धरायचे, चार धारा काढायचे, आणि फेसासकट पेला गिऱ्हाइकाच्या हातात. दुधात पाणी आहे का, हा प्रश्नच नव्हता, डोळ्यांदेखत निघत होतं. आमच्याकडच्या माणसाला असंच दूध लागतं. बाटलीतलं दूध आजाऱ्यानं प्यावं.

थोरली आबांच्या हाताची होती. म्हणजे काय, तर तिचं दुसरं रेडकू आठव्या दिवशी मेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आबा तीन दिवस तिच्यापाशी बसून राहिले. पाठीवरनं हात फिरवायचे, गळ्याखाली खाजवायचे आणि तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे? काहीही. पेंड महागली, अमक्याचं लग्न ठरलं, आज ऊन लई हाय. चौथ्या दिवशी तिनं पान्हा सोडला, पण तो आबांच्या हाताला. पुढं तिची वेतं झाली, रेडकं जगली, तरी ती खोड राहिली ती राहिलीच. आई धारेला बसली तर थोरली मान वळवून एकदा बघायची आणि थेंब द्यायची नाही.

लाथ मात्र कधी नाही. पाय उचलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मी लहानपणी तिच्या मागच्या पायांमधनं वाकून पलीकडं जायची, तरी ती खूर हलवायची नाही.

धाकटी आईच्या हाताला द्यायची, पण धाकटीचं दूध ते किती! घर चालायचं थोरलीवर आणि थोरली चालायची आबांच्या उजव्या हातावर. त्याच हाताच्या मनगटावर, मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला असताना, पाठच्या बाजूला चिंचोक्याएवढं टेंगूळ आलं.

आबा अंगठा आत मुडपून धार काढायचे. त्यानं धार झपझप निघते, पण सगळा जोर मनगटावर येतो. एवढी वर्षं निभावलं होतं. पहिल्यांदा त्यांनी लक्षच दिलं नाही. मग चिंचोक्याचा आवळा झाला. हात सरळ असला की दिसायचं कमी, मनगट खाली वाकवलं की टुण्णकन वर यायचं. धार काढून उठले की आबा हात झटकायचे, डाव्या हातानं मनगट दाबून धरायचे. कधी आठ-पंधरा दिवस ते आपोआप बारीक व्हायचं, की आबा खूश. "पावणं गेलं बघ," म्हणायचे. गेलेलं पावणं परत दारात यायला वेळ लागायचा नाही. त्या टेंगळाला आमच्या घरात पावणंच म्हणायला लागले सगळे. "आज कसं हाय पावणं?" "बसलंय की ऐसपैस."

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी बघून सांगितलं, आवाळू हाय, त्याला काय हुतंय. मग ज्याला जे सुचेल ते. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप झाला. रुईचं पान तेल लावून गरम करून बांधून झालं. एकानं तांब्याचा जुना पैसा त्यावर ठेवून फडक्यानं करकचून आवळायला सांगितलं, त्यानं पावणं राहिलं बाजूलाच आणि बोटं सुजली. आई जोतिबाला नवस बोलली. आबा म्हणाले, "देवाला कशाला तरास देतीस? त्याच्या मागं काय कमी कामं हाईत?"

शेवटी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरे होते, तरुण होते, पुण्याकडचं बोलायचे. त्यांनी खिडकी लावून घेतली, खोलीत अंधार केला आणि बॅटरी त्या टेंगळाला खालनं चिकटवून पेटवली. आख्खं टेंगूळ आतनं लालसर उजळलं. "बघा, प्रकाश आरपार जातोय," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आत मांस नाही, घट्टसर पाणी आहे. घाबरू नका. गँगलियन म्हणतात याला." आबांनी मान डोलवली. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? तर आबा गंभीर तोंड करून सांगतात, "हातात गंगंचं पाणी साठलंय म्हणं."

आई म्हणाली, "मग पिळा की, गल्लीत तीर्थ म्हणून वाटू."

मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. गँगलियन म्हणजे गंगा नव्हे, हे मी समजावून सांगितलं तरी आबा मरेपर्यंत गंगंचं पाणीच म्हणत राहिले. त्या घरात आम्ही किती हसायचो, हे आठवलं की आता गलबलून येतं.

डॉक्टरांनी एकदा सुईनं ते पाणी काढलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं, चिकट, जरा पिवळट. टेंगूळ बसलं. महिन्यात परत आलं. तेव्हा डॉक्टरांनी नीट सांगितलं, "ऑपरेशन करून मुळासकट काढता येईल, पण नंतर महिनाभर हाताला काम नाही. आणि तरीही पुन्हा येणार नाही अशी खात्री देत नाही. खरं औषध म्हणजे विश्रांती. धार काढणं थांबवा, आपोआप कमी होईल. नाही झालं तरी त्यापासून जिवाला काही धोका नाही, तसंच राहू द्या."

आबा हात जोडून म्हणाले, "साहेब, माझं काय न्हाय वो. तेवढं आमच्या थोरलीला येऊन समजावून सांगा."

तसंच राहू दिलं असतं तर! शहाणा माणूस होता तो डॉक्टर. सांगितलं होतं त्यानं, राहू द्या म्हणून. पण लोक राहू देतील तर ना. एका संध्याकाळी एक बाई पोराला दूध पाजायला घेऊन आल्या, पेला घ्यायला हात पुढं केला आणि आबांचं मनगट बघून हात मागं घेतला. "अवो, तुमच्या हाताला गाठ हाय की. दुधातनं उतरंल न्हवं पोराला." आमच्यात गाठ हा शब्द वाईट. म्हशीच्या सडात गाठ आली की ते दूध गटारात ओततात, हे सगळ्यांना माहीत. आबांनी समजावलं, डॉक्टरांनी सांगितलंय, आत नुसतं पाणी हाय. बाई गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या दिवसापासून आबा मनगटावर रुमाल बांधून धारेला बसायला लागले. आबांना कशाची लाज वाटलेली मी तोवर बघितली नव्हती. 

कट्ट्यावर रोज दूध प्यायला येणाऱ्यांत एक कंपाउंडर होते. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात पुड्या बांधायचे, पण आव असा की डॉक्टर आपल्याला विचारून सुई टोचतो. ते मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "त्याला एकच औषध. जाडजूड बुक घ्यायचं आणि एकच दणका हाणायचा. फुटतंय आतल्या आत. साहेब लोक असंच करतात."

आबांनी घरी येऊन मला विचारलं, "तुझं ते बुक हाय न्हवं?"

होतं. मॅट्रिकला शाळेत पहिली आले म्हणून मला इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस मिळाला होता. लाल पुठ्ठ्याचा, उशीएवढा. आबांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवला होता, आणि पाव्हणेरावळे आले की उचलून हातात द्यायचे, "वजन बघा, वजन." आईचं मत वेगळं होतं. पोरगी मॅट्रिक झाली, बास झालं, आता कॉलेज कशाला, असं तिचं म्हणणं. आबांनी तिचं न ऐकता मला कॉलेजात घातलं होतं. बुकानं मारायचं म्हटल्यावर आई कडाडली, "विद्येला पाय लागला तर आपुन पाया पडतो, आन तुमी त्येनं मारून घेणार? काय डोकंबिकं हाय का न्हाय?"

"मारू दे की," आबा म्हणाले. "एवढं शिकवलंय तिला, बापाच्या काय तरी उपयोगी पडू दे."

त्यांनी घरामागच्या परड्यातल्या दगडी कट्ट्याच्या कडेवर हात ठेवला, मनगट खाली वाकवलं. टेंगूळ वर आलं. मी म्हणाले, "आबा, मारतो हं." कोल्हापुरात आम्ही पोरी मी आलो, मी गेलो असंच बोलायचो. पुढं बी.एड.च्या कॉलेजातल्या बाईंनी ते माझं मोडून काढलं. मी डोळे मिटले आणि बुक आडवं, सपाट आपटलं. बघते तर काय, टेंगूळ गायब! हात सपाट. आबा मनगट फिरवून फिरवून बघत होते. "आयला! गेलं की गं!" आई आतनं आली, हात बघितला आणि बुक पुसून देव्हाऱ्याशेजारी नेऊन ठेवलं. संध्याकाळी आबांनी रुमाल सोडून कट्ट्यावर हात सगळ्यांना दाखवला. "पोरीनं बुकानं बरं केलं," प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. कंपाउंडरांना त्या दिवशी दूध फुकट.

पाच-सहा महिने बरे गेले. दिवाळीनंतर पावणं परत आलं. या खेपेला जास्त कडक आणि जास्त दुखरं. तांब्यासुद्धा डाव्या हातानं उचलायला लागले. रुमाल परत आला.

आता पुढचं सांगायला मला जड जातंय.

कॉलेजची सहल पन्हाळ्याला जाणार होती. आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरी जाणार होत्या. पन्हाळा काय लांब आहे? पण मी तोवर कधी मैत्रिणींबरोबर कुठं गेले नव्हते. मी आठवडाभर आधी विचारून ठेवलं होतं, आबा हो म्हणाले होते. आणि आदल्या दिवशी सकाळी म्हणतात, "उद्या नको जाऊस. हात लई दुखालाय. शेणघाण, वैरण, तुझ्या आईला एकटीला हुणार न्हाय."

 आमच्यात बापासमोर बोलायची रीत नव्हती. पण आत नुसता जाळ झाला होता. कॉलेजला गेले नाही, परड्यात शेण काढत बसले, आणि प्रत्येक पाटीला मनात म्हणत होते, या म्हशी, ही घाण, हा हात. आई पाण्याला गेली होती. तेवढ्यात आबाच बुक घेऊन आले. फडकं सोडलेलं.

"हाण गं एक. मागल्यासारखा. बरं झालं तर उद्या जाशील की सहलीला."

बिचाऱ्यानं माझ्यासाठीच आणलं होतं बुक. मला तेही तेव्हा लागलं, की आता मला लालूच दाखवताहेत. त्यांनी कट्ट्याच्या कडेवर हात ठेवला, मनगट वाकवलं, तोंड पलीकडं केलं. मी शेणाचे हात पुसले. मागच्या वेळी डोळे मिटले होते, या वेळी मिटले नाहीत. दोन्ही हातांनी बुक डोक्याच्या वर नेलं. सपाट मारायचं असतं, हे मला माहीत होतं. राग होता माझ्या हातात. बुक तिरकं आलं, पुठ्ठ्याच्या कडेवर आलं, आणि असा आवाज झाला की धाकटी दावणीला बिचकली.

आबा ओरडले नाहीत. खाली बसले. तोंड पांढरं पडलं होतं, घाम फुटला होता. मी "आबा, आबा" करत रडायला लागले. तेवढ्यात दारात घागरीचा आवाज आला. आई येत होती. आबांनी डाव्या हातानं बुक माझ्याकडं ढकललं आणि म्हणाले,

"गप. ठेवून ये. थोरलीनं लाथ मारली. कळलं? थोरलीनं."

"पर आबा…"

"पोरीनं बापाचा हात मोडला म्हणत्याल. जल्मभर चिकटंल तुला. आन तुझी आई उद्यापासनं कालेज बंद करंल. जा, ठेवून ये."

मी ठेवून आले. मी पदर घेतल्यासारखं ते खोटं अंगावर घेतलं आणि बाहेर आले, तोवर आई थोरलीला शिव्या देत होती.

थोरली दावणीला उभी राहून रवंथ करत होती.

हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं कळकाच्या कामट्या लावून हात बांधला, तीन आठवडे ठेवला. सूज उतरली, पण अंगठ्याच्या बुडातली कळ गेली नाही. मूठ आवळता येईना. मग त्याच सरकारी डॉक्टरांकडं गेलो. हाडाचा फोटो काढला. मनगटातलं एक बारकं हाड मोडलं होतं आणि सांधलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? आबा म्हणाले, "म्हशीनं लाथ मारली." डॉक्टर टेंगळाची जागा चाचपत होते. गाठ नव्हती तिथं. ती पुन्हा कधी आलीही नाही. एवढं मात्र बरं झालं म्हणायचं.

धार काढायची म्हटली तर आबांच्या उजव्या हातात पेला धरण्यापुरतीही ताकद राहिली नाही. डाव्या हातानं त्यांनी प्रयत्न केला. थोरलीनं त्यांना पान्हा सोडला, पण एका हातानं सगळी कास कशी रिकामी होणार? सडात दूध तुंबायला लागलं. आई बसायला गेली. आईनं आधी थोरलीचे मागचे पाय दोरीनं बांधले. बांधणारच, नवऱ्याचा हात मोडलेली म्हैस. आयुष्यात पहिल्यांदा पाय बांधलेले बघून थोरली इतकी बावरली की थरथर कापायला लागली. दूध तिनं दिलं नाहीच. आबा कट्ट्यावर बसून ते बघत होते. मीही बघत होते.

चौकातल्या कट्ट्यावर पहिले आठ दिवस चेष्टा चालली. "काय मामा, दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणत्यात, म्हशीची लाथ कशी हाय?" आबा हसायचे. मग चेष्टा आटली आणि लोक लांब उभे राहायला लागले. बायका पोरांना मागं ओढायच्या, "तिकडं जाऊ नको, मारकी हाय ती." माणसं म्हशीच्या अंगाला अंग लावून उभी राहून दूध प्यायची, तिथं आता चार हात जागा मोकळी. थोरली मान वळवून वळवून त्या माणसांकडं बघायची. रोजची ओळखीची माणसं ती. तिला काय कळणार?

मला कळत होतं. मी कॉलेजला जात होते, पहिल्या बाकावर बसत होते, आणि घरी आल्यावर तिच्यापुढं वैरण टाकताना तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हते. रोज ठरवायचे, आज आईला सांगायचं. रोज उद्यावर टाकायचे. भ्याड होते मी, दुसरा शब्द नाही.

उन्हाळ्यापर्यंत थोरली आटली. दोन म्हशींची वैरण आणि एकीचं दूध, असं किती दिवस चालणार? आई म्हणाली, विका तिला. आबा पंधरा दिवस टाळत राहिले, मग बरं म्हणाले. पण लाथाळ म्हणून नाव झालेली म्हैस कोण घेणार? गल्लीत नाही, पेठेत नाही. जनावरांचा एक दलाल तेवढा येऊन बघून गेला. तो कुणासाठी जनावरं घेतो हे सगळ्यांना माहीत होतं. ती तिथं गेली की तिला दावण लागणार नव्हती.

आणि मग कळंब्याकडचा एक शेतकरी आला. वयस्कर, पटका बांधलेला, जनावरातला जाणता माणूस. त्यानं थोरलीचे दात बघितले, कास चाचपली, शेपटीखाली हात घालून बघितलं, मागं जाऊन उभा राहिला, खुरापाशी बसला. ती हलली नाही. तो उठून आबांना म्हणाला, "पावणं, अजून तीन वेतं कुठं गेली न्हाईत हिची. देवळातल्या नंदीसारखी हुबी हाय गप. आन चौकात तर सांगत्यात लाथ मारती. मला काय पटंना. खरं काय ते सांगा. मी न्हेतो हिला, चांगली ठेवतो."

परड्यात आम्ही चौघं होतो. आबा, तो पावणा, मी, आणि दारात आई.

आबा बराच वेळ थोरलीच्या पाठीवरनं डावा हात फिरवत होते. मग म्हणाले, "माझ्या पोरीला इचारा. त्या वक्ताला ती हितंच हुती. शिकल्याली हाय ती. खोटं बोलायची न्हाय."

पावणा माझ्याकडं वळला. "सांग बाळ. मारती लाथ?"

मला वाटलं, आबा माझी परीक्षा बघताहेत. सहा महिने माझ्यासाठी त्यांनी हे खोटं ओढलं, हात गेला तरी एका शब्दानं बोलले नाहीत, आणि मी परक्या माणसासमोर, आईसमोर, त्यांना खोटं पाडू? त्यांचा शब्द राखणं हेच माझं काम आहे, असं मला वाटलं. आणि भीतीही होती, ती नव्हती असं कशाला म्हणू? दोन्ही एकदमच होतं.

"व्हय," मी म्हणाले. "मारती. मी बघितलोय."

पावण्यानं पटका सारखा केला. "मग ऱ्हाऊ द्या. घरात बारकी पोरं हाईत." थोरलीच्या पाठीवर त्यानं दोनदा थाप मारली आणि गेला. आबा डाव्या हातानं थोरलीपुढं वैरण सारायला लागले. माझ्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या बाजाराला तिला न्यायचं ठरलं. दलालाचा माणूस न्यायला आला, तर थोरली त्याच्या हाताला एक पाऊल टाकेना. शेवटी आबाच पुढं झाले. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरी चारली, आणि आता मात्र आईही रडायला लागली. आबांनी डाव्या हातात दावं घेतलं, तोंडानं नेहमीसारखं काहीबाही बोलायला लागले, ऊन लई हाय, वैरण महागली. आणि ती त्यांच्या मागनं निघाली, रंकाळ्यावर जायला निघायची तशी. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पुढं गेले नाही.

दिवस मावळायच्या आत आबा परत आले. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, ते घरी आणायचं असतं, म्हणून हातात दावं होतं. ते त्यांनी खुंटीला अडकवलं. मी पाय धुवायला तांब्या दिला. त्यांनी पाय धुतले, चूळ भरली. तांब्या माझ्या हातात परत देताना, अंगणाकडं बघत, आवाज न चढवता म्हणाले,

"मला वाटलं, तू न्हाय म्हनशील."